अंगणातली कण्हेर

भामरागडकडच्या मंडळींनो आणि गुरुजनहो, वैशाखातही हिरवे राहून फुलणारे झुडूप हवे, तर कण्हेर आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या या मुलखात ऊन कडक, पाऊसही धो धो. कण्हेर मूळची ओढ्याकाठची, दोन्ही सोसते. गुण पानाचा! श्वासाची छिद्रे पानाखालच्या खळग्यांत, बारीक लवेआड दडलेली असतात. त्यामुळे झळ लागली तरी ओल चटकन उडत नाही.

मृगाच्या सरी पडल्या, की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी खालची पाने काढून लावावी. पहिला उन्हाळा पाणी द्यावे. बहर ओसरला की छाटावी, नव्या शेंड्यांवर फुले येतात.

पण ऐका, हिचे सर्वांग विषारी आहे. विष हृदयाचे ठोके बिघडवते. ओले पान कडू, म्हणून गुरे सहसा तोंड लावत नाहीत. वाळले की कडूपणा कमी भासतो, विष मात्र तसेच राहते. तेव्हा छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका, चुलीत घालू नका (धूरही वाईट), दातवणाला तर नकोच. खोल पुरा आणि हात धुवा.

पिवळी बिट्टीही तसलीच. तिच्या बिया पोरे खेळायला घेतात. म्हणून शाळेच्या आवारात, गुरुजी, माझ्या मते जास्वंदच बरी. कुणी पान, फूल वा बी चघळलेच, तर ओकारी काढण्यात किंवा घरगुती उपायांत वेळ दवडू नका. पावसाळ्यात वाट अडते, हे तुम्ही जाणताच. लगेच दवाखाना गाठा आणि डहाळी डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालून न्या.