नव्वद टक्के, पण कशाचे?

रिसर्च प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं: ‘आइसलँडची ९० टक्के वीज भूगर्भातल्या उष्णतेपासून तयार होते.’ गाइडनी खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘टक्के कशाचे?’ तपासायला बसलो आणि घाम फुटला. नव्वदच्या आसपास आहेत ती या उष्णतेवर ऊबदार राहणारी घरं. विजेतला वाटा ३० टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेली जवळजवळ सगळी जलविद्युत.

एवढा फरक का? समजा, ८० अंश सेल्सिअसचं पाणी हाताशी आहे आणि बाहेर ५ अंश. केल्विनमध्ये ३५३ आणि २७८. बारावीतला कार्नो आठवा: ७५ भागिले ३५३, म्हणजे २१ टक्के. ही कमाल मर्यादा; प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी लागतं. तेच पाणी रेडिएटरमधून फिरवलं तर उष्णतेचं रूपांतरच करावं लागत नाही. १९३० मध्ये रेक्याविकमध्ये हेच झालं. पूर्वापार कपडे धुतले जायचे त्या झऱ्यांपाशी बोअर घेऊन सुमारे ३ किलोमीटर नळाने गरम पाणी एका शाळेत आणलं.

विजेसाठी ज्वालामुखी पट्ट्यात जावं लागतं. तिथे एक किलोमीटर खोलीवरच तापमान २०० अंशांच्या वर असतं. हेल्लिशेइदी केंद्राची वीजक्षमता ३०३ मेगावॉट. वाफ टर्बाइन फिरवते, आणि शिल्लक उष्णतेवर गार, गोडं पाणी तापवून शहराला पाठवतात. जमिनीतलं पाणीच थेट का नाही? त्यात सिलिका विरघळलेली असते. थंड होताना ती पाइपात थर धरते. (आपल्या गीझरच्या कॉइलची गत आठवा.) नेस्यावेट्लिर केंद्रातून २७ किलोमीटर येताना पाणी २ अंशही थंड होत नाही, हे वाचून मी आकडा दोनदा तपासला.

गंमत पुढेच आहे. तापवलेल्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, शहराजवळच्या बोअरच्या पाण्यात सिलिका. दोन्ही एकत्र आली की मॅग्नेशियम सिलिकेटचा साका बसतो, म्हणून ती वेगळी ठेवावी लागतात. माझ्या मसुद्यात ‘गरम पाणी’ हा एकच शब्द होता.

आता कुणी ‘वज्रेश्वरीच्या कुंडांवर वीज का नाही करत?’ विचारलं की आधी तो भागाकार करतो.

त्या एका वाक्याची आता तीन झालीत. दुसऱ्याखाली पुन्हा पेन्सिल: ‘कोणत्या वर्षाचे?’