टाईपरायटर : हाताचा, विजेचा आणि गोळ्याचा

मुरबाडच्या कचेरीत ज्याचे काम पडले, त्याने टाईपरायटर पाहिलेला असतो. निदान त्याचा आवाज तरी ऐकलेला असतो. खट् खट् खट्, मग घंटीचा टिण्, मग सर्रकन गाडा मागे. पुस्तकी मराठीत त्यास टंकलेखन यंत्र म्हणतात. आम्ही टाईपरायटरच म्हणू. वैशाखऱ्यापासून कल्याणपर्यंत सारे तसेच म्हणतात.

आता त्याची जागा संगणकाने घेतली. जुनी यंत्रे शाळेच्या, सोसायटीच्या, पंचायतीच्या माळ्यावर धूळ खात पडली आहेत. भंगारवाला येतो, काट्यावर टाकतो आणि लोखंडाच्या भावाने घेऊन जातो. देण्याआधी आपण काय देतो आहोत हे तरी कळावे. सगळे टाईपरायटर एका जातीचे नसतात. बाजारात बैल लांबून सारखेच दिसतात, पण ज्याला कळते तो दात पाहतो. टाईपरायटरचे दात कसे पाहावे, ते आज सांगतो.

आधी हाताचे यंत्र घेऊ. कळ दाबली की तिच्या खालची पट्टी हलते. पट्टी दुसऱ्या पट्टीला ओढते. शेवटी एक लोखंडी दांडी उसळते. त्या दांडीच्या टोकाला अक्षर कोरलेले असते, उलटे, शिक्क्यावर असते तसे. ते शाईच्या फितीवर आपटते. फितीस रिबीन म्हणतात. फितीमागे कागद, कागदामागे रबराचा रूळ. ठोका बसला की कागदावर अक्षर उठते. लगेच गाडा एक घर डावीकडे सरकतो. त्याला ओढायला आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते, घड्याळात असते तशी. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग टायपिस्ट डाव्या हाताने दांडा ढकलून गाडा परत आणतो.

यात सारे बळ बोटाचे. गोम तिथेच आहे. तर्जनी जोरकस, तिचे अक्षर काळेभोर. करंगळी दुबळी, तिचे अक्षर फिके. टाईप केलेल्या जुन्या अर्जाकडे नीट पाहा. काही अक्षरे गडद, काही पुसट दिसतील. ती शाईची चूक नव्हे, बोटांची. खाली कार्बन घालून चार प्रती काढायच्या असल्या तर शेवटची प्रत वाचताना डोळे फुटायची वेळ येते.

मराठीच्या यंत्रात आणखी एक मौज आहे. यंत्राला कळा असतात साधारण पंचेचाळीस. एकेका कळीवर दोन खुणा धरल्या तर नव्वद होतात. आपली अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे, आकडे हे सारे नव्वदात कसे बसवायचे? म्हणून युक्ती केली. ‘भ’ आणि ‘ण’ यांसारखी अक्षरे अर्धीच ठेवली. आधी अर्धे अक्षर उठवायचे, मग काना मारायचा, की अक्षर पुरे होते. पहिली वेलांटी आपण हाताने लिहिताना अक्षरानंतर काढतो. यंत्रावर ती आधी मारावी लागते. मात्रेची आणि अनुस्वाराची कळ दाबली तर गाडा जागचा हलत नाही. हलला असता तर एकाची मात्रा दुसऱ्याच्या डोक्यावर बसली असती.

ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समजा, नाव आहे ‘भागा’. यंत्रावर अर्धा ‘भ’, मग एक काना, म्हणजे ‘भ’ झाला. आणखी एक काना, तेव्हा ‘भा’. घाईत एक काना सुटला तर भागाचा ‘भगा’ होतो. सातबाऱ्यावर भागा आणि अर्जावर भगा! दोन्ही एकच माणूस, हे पटवायला मग खेटे घालावे लागतात, प्रतिज्ञापत्र करावे लागते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचा अंगठा अशा कागदावर आपसूक उठे. तुम्हांला आता अक्षर कळते. तेव्हा जुने टाईप केलेले खरेदीखत किंवा वारसाचा कागद घरी असेल, तर तो उजेडात धरा आणि नावांतला एकेक काना मोजा. चूक सापडली तर ती निवांतपणी दुरुस्त करून घेता येईल. भांडण उभे राहिल्यावर तेच काम कठीण होते.

आता हे यंत्र आले कुठून? अमेरिकेत शोल्स नावाच्या गृहस्थाच्या यंत्रावरून रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीचे टाईपरायटर काढले. आपल्याकडे बराच काळ परदेशी यंत्रेच येत. मग १९५५ साली मुंबईच्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने आपले यंत्र केले. हेच ते तिजोरीवाले आणि कुलूपवाले. टाईपरायटर करणे म्हणजे कुलूप करण्याहून पुष्कळ अवघड. सुमारे दोन हजार सुटे भाग, आणि प्रत्येक भाग केसाच्या मापाने बसावा लागतो. देश स्वतंत्र होऊन आठच वर्षे झाली होती. ही गोष्ट आम्हांला धरणाच्या तोडीची वाटते. कुणी हसेल, हसो. पुढे १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा कायदा झाला. सरकारी कारभार मराठीत चालवायचा ठरला. मग मराठी यंत्राला तालुक्या-तालुक्यात काम मिळाले. गावोगावची मुले टायपिंगच्या वर्गाला जाऊ लागली. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीसची. ते प्रमाणपत्र हाती असले की कारकुनाच्या नोकरीचे दार किलकिले होई. आपल्या राज्यात यंत्रावरची ही परीक्षा २०१७ साली शेवटची झाली. गोदरेजने यंत्रे करणे त्याआधीच, २००९ साली, थांबवले होते. पुढे पेपरांत ‘जगातला शेवटचा टाईपरायटर कारखाना बंद’ असे छापून आले. ते काही खरे नव्हते. दुसरीकडे यंत्रे होत होती. पण लोकांना चटका बसला, हे मात्र खरे.

आता विजेचे यंत्र. ते समजायला गिरणी डोळ्यांपुढे आणा. भात उखळात कांडायचे तर मुसळ आपणच उचलायचे, आपणच आपटायचे. गिरणीत तसे नसते. मोटार फिरतच असते, पट्टा फिरतच असतो. आपण दाणे टाकायचे. विजेच्या टाईपरायटरात असेच एक रबराचा थर दिलेले लाटणे मोटारीवर सारखे फिरत असते. तुम्ही कळीला नुसते टेकलात की एक छोटा दातेरी तुकडा त्या लाटण्याला जाऊन चिकटतो. फिरते लाटणे त्याला झटका देते. त्या झटक्याने अक्षराची दांडी उसळून कागदावर बसते. बोटाने फक्त खूण केली, मार दिला मोटारीने. म्हणून करंगळीचे अक्षर आणि तर्जनीचे अक्षर दोन्ही सारखेच काळे. कार्बनच्या जास्त प्रती निघतात. गाडा परत आणायलाही एक कळ असते. दिवसभर टाईप करणाऱ्याचे खांदे वाचतात.

विजेवरचे यंत्र करण्याची खटपट फार जुनी आहे. ब्लिकन्सडर्फर नावाच्या कंपनीने १९०२ साली असे यंत्र काढले. पण तेव्हा कचेऱ्यांत वीज कुठे होती? यंत्र फार पुढे गेले होते, तारा मागे राहिल्या. पुढे आयबीएम कंपनीने १९३३ साली इलेक्ट्रोमॅटिक नावाचा एक कारखाना विकत घेतला. तिथपासून विजेचे यंत्र कचेऱ्यांत खरे रुळले.

एक खोड मात्र सांगायला हवी. हाताच्या यंत्रावर शिकलेला माणूस कळांवर बोटे टेकवून विचार करतो. विजेच्या यंत्रावर तशी बोटे टेकली की अक्षरांची लाही फुटते.

आता सगळ्यांत नवलाचे यंत्र, गोळ्याचे. आयबीएमनेच ते १९६१ साली काढले. त्याचे नाव सिलेक्ट्रिक. त्याचे झाकण उघडून पाहणारा पहिल्यांदा गोंधळतो. दांड्यांची ती ओळ कुठेच नाही, आणि गाडाही सरकत नाही. कागद जागच्या जागी, आणि मोठ्या लिंबाएवढा एक गोळा कागदासमोरून चालत जातो. त्या गोळ्याच्या अंगावर अठ्ठ्याऐंशी खुणा उठवलेल्या असतात. चार आडव्या रांगा, प्रत्येक रांगेत बावीस. कळ दाबली की गोळा स्वतःभोवती फिरतो, किंचित कलतो, नेमके अक्षर पुढे आणतो आणि रिबिनीवर टोला मारतो. असे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा करू शकतो. डोळा पुरत नाही. दांड्यांच्या यंत्रात दोन कळा एकदम दाबल्या तर दोन दांड्या एकमेकींत अडकतात, मग बोटे काळी करून सोडवा. गोळ्यात तो प्रश्नच नाही.

गोळ्याला कसे कळते, किती फिरायचे? तिथे संगणकाचा मेंदू नाही, सारे लोखंडच आहे. त्यातली तोडगी आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. दोन जनावरे एका गाडीला जुंपली की त्यांची ओढ वाटून घेणारी एक आडवी दांडी लावतात. एका बाजूने किती ओढ, दुसऱ्या बाजूने किती, त्यावर मधला बिंदू किती पुढे येतो ते ठरते. सिलेक्ट्रिकमध्ये अशाच लहान लहान आडव्या दांड्या एकमेकींना जोडल्या आहेत. कुठल्या दांडीचे टोक ओढले, त्याची बेरीज होते, आणि तेवढाच गोळा फिरतो. इंग्रजीत त्या दांडीचे नावही जनावरे जुंपण्याच्या दांडीचेच ठेवले आहे. आणखी एक सोय अशी, की गोळा हाताने काढून दुसरा बसवता येतो. बारीक अक्षर हवे, तिरपे अक्षर हवे, गोळा बदला. दांडीच्या यंत्रात त्यासाठी दुसरे यंत्रच घ्यावे लागे. चुकलेले अक्षर उचलून काढणारे सिलेक्ट्रिक १९७३ साली निघाले. मोठ्या कारकुनी कचेऱ्यांना तर सणच वाटला असेल.

त्यानंतर १९७० सालानंतरच्या दशकात फुलाची यंत्रे आली. शेवंतीसारखी चपटी चकती, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. चकती फिरते, एक छोटा हातोडा पाकळीला ठोकतो. पण यांच्या आत सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार. हलकी, शांत आणि बिघडली की मुकी. लोखंडी यंत्राचा भाग वाकला तर जाणता कारागीर तो सरळ करतो. पाटीवरचा विजेचा तुकडा जळला, तर तसाच तुकडा मिळाला पाहिजे. आमच्या मते जतन करायला ही जात सगळ्यांत वाईट. तशी ती कामाला वाईट नव्हती.

मग उत्तम कोणते? आमच्याकडच्या कामाला हाताचे. पावसाळ्यात माळशेजच्या बाजूने ढग उतरले आणि तारा तुटल्या की विजेचे यंत्र म्हणजे पंधरा-सतरा किलोचा पाट्याचा दगड. हाताचे यंत्र कंदिलाच्या उजेडातही चालते. आमच्या पाहण्यात आलेली मराठीची यंत्रेही सारी हाताचीच. पण कारागिरी म्हणून पाहायचे तर गोळ्याच्या यंत्रापुढे आम्ही टोपी काढतो. गोळ्याचे यंत्र माळ्यावर सापडले तर ते काट्यावर टाकू नका. विजेचे पण दांड्यांचे यंत्र या दोहोंच्या मधले. त्याच्या लाटण्याचे रबर वर्षानुवर्षे एकाच जागी दाबले गेले की तिथे खाच पडते, आणि मग ठोके कमीजास्त येतात.

समजा तुमच्या पंचायतीत असे एक निघाले. आधी तार पेटीत खोचू नका. मागे किंवा तळाशी एक पत्र्याची पट्टी असते, ती वाचा. आपली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेसाठी केलेल्या यंत्रावर ११५ लिहिलेले असते. ते सरळ लावले तर मोटार जळालीच म्हणून समजा. तार उंदरांनी कुरतडली आहे का, तेही बघा. विजेचे काम जाणणारा माणूस हजर असल्याशिवाय सुरू करू नका. गोळ्याचे यंत्र पडून राहिले की त्यातले जुने वंगण डिंकासारखे घट्ट होते. यंत्र गुणगुणते पण गोळा हलत नाही. तेव्हा ते मेले असे समजू नये. वंगण धुऊन नवे दिले की पुष्कळदा चालते. मात्र बळ लावून फिरवू नये.

हाताचे यंत्र असेल तर प्रत्येक कळ हलकेच दाबा. दांडी वर जाऊन मोकळेपणी परत येते का, हे पाहा. चिकटत असेल तर दांड्यांच्या मुळाशी धूळ आणि शाई साचली आहे. पुष्कळ लोक तिथे शिवणयंत्राचे तेल ओततात. दोन दिवस बरे चालते, मग तेलात धूळ बसून चिखल होतो. तिथे तेल नको. जुना दात घासायचा ब्रश थोड्या स्पिरिटात बुडवून घासावे आणि कोरडे करावे. जवळ दिवा किंवा विडी नको. अक्षरांच्या पोटात साठलेली शाईही त्याच ब्रशाने निघते. ‘ठ’ आणि ‘व’ यांची पोटे हमखास भरलेली सापडतात.

रबराच्या रुळाला नख लावून बघा. नख थोडे रुतले तर ठीक. दगडासारखा कडक झाला असेल तर अक्षर कागद फाडील, म्हणून मूळ कागदामागे आणखी एक जाड कागद घालून टाईप करावे. यंत्र ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधू नये. आपल्याकडच्या पावसात आत ओल धरते आणि गंज चढतो. सुती कापड घालावे, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी त्यावर चार ओळी टाईप कराव्यात.