ऑनलाइन मानसोपचार: बोलायचं, पण बसायचं कुठे?

ऑनलाइन मानसोपचार म्हटलं की व्हिडिओ कॉल डोळ्यांसमोर येतो. पण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत समुपदेशक पडद्यावर समोर असतो. दुसरीत विद्यार्थी ठरलेले धडे स्वतःच आठवड्यागणिक पुरे करतो: मनात आलेल्या विचारांची नोंद, झोपेच्या वेळा, टाळत आलेल्या कामाची छोटीशी सुरुवात. सीबीटी या उपचारपद्धतीवर बेतलेल्या अशा धड्यांवर स्वीडनमध्ये वीसहून अधिक वर्षं संशोधन चाललंय.

आता यातली मेख अशी, की सुरुवात करणारे पुष्कळ आणि शेवटापर्यंत जाणारे थोडे. नैराश्यात मधूनमधून प्रशिक्षित माणसाने विचारपूस केली, तर परिणाम सरासरीने बरा दिसतो. त्रास सौम्य असेल तर हा फरक कमी होतो, तेही खरं. तरी नुसतं अ‍ॅप देऊन विद्यापीठाने ‘सोय केली’ म्हणावं, हे आम्हाला पटत नाही.

आणि आपल्याकडे नेटवर्कपेक्षा मोठी अडचण आहे ती खोलीची. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाने तीन रूममेट्ससमोर काय बोलावं? वन-रूम-किचनमध्ये आई ओट्यापाशी उभी असताना मुलीने आईबद्दल काय सांगावं? २०२० च्या टाळेबंदीत हे प्रकर्षाने समोर आलं. मग कोणी गच्ची गाठतं, कोणी बोलण्याऐवजी टाइप करतं. कोणी खोलीत आलं तर विषय बदलण्यासाठी एखादा शब्द आधीच ठरवून ठेवता येतो. पण कॉलेजने दार लागणारी एक खोली तासाभरासाठी दिली, तर ते कितीतरी सोपं. खर्चही फार नाही हो!

कॉलच्या सुरुवातीला समुपदेशक ‘आत्ता कुठे आहात?’ विचारतात, जवळच्या माणसाचा नंबर मागतात. मुलं इथे बिचकतात, घरी कळणार म्हणून. कारण साधं आहे. बोलताना जिवाला धोका दिसला, तर मदत कुठे पाठवायची हे माहीत हवं. गोपनीयतेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी. समुपदेशकांनी सांगितली नाही, तर तुम्ही विचारा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.