सिंधी स्वयंपाक : भाज्या आपल्याच, चव वेगळी



कढी म्हटलं की आपल्याला ताक आणि बेसन आठवतं. पण सिंधी घरी जेवायला बसलात, तर पानात ताकाचा थेंबही नसलेली, शेवगा-भेंडी-गवार घातलेली चिंचेची कढी येईल. या अंकात सिंधी स्वयंपाकाची ओळख करून घेऊ.

सिंध म्हणजे सिंधू नदीच्या खालच्या अंगाचा मुलूख. आज तो पाकिस्तानात आहे. नदीतला पल्ला मासा आणि तळ्यातली कमळकाकडी हे तिथलं आवडीचं खाणं. १९४७ साली फाळणी झाली आणि लाखो सिंधी हिंदू घरदार सोडून भारतात आले. त्यातली पुष्कळ कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. १९४९ साली त्याच वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथल्या भागांना अजूनही कॅम्प १, कॅम्प २ असंच म्हणतात.

हातात पैसा नव्हता, पण हाताची चव सोबत आली होती. बायकांनी घरी जिरं-मिरी घातलेले उडदाचे पापड लाटले, लोणची घातली, आणि ती विकून संसाराला हातभार लावला. सिंधी घरी आजही पाहुण्यापुढे पाण्यासोबत पापड ठेवतात.

आता तीन पदार्थ पाहू. सामान बहुतेक आपल्या परसातलं, नाहीतर आठवडी बाजारातलंच आहे.

साई भाजी : साई म्हणजे हिरवी. अर्धी वाटी हरभरा डाळ तासभर भिजवा. पालकाची एक जुडी, आंबट चुका अर्धी जुडी आणि थोडा शेपू चिरा. बटाटा, वांगं, गाजर, टोमॅटो, जे असेल ते घाला. कुकरमध्ये तेलावर कांदा, आलं, मिरची परता. मग डाळ, भाज्या, हळद, मीठ आणि थोडं पाणी घालून चार-पाच शिट्ट्या करा. रवीनं घोटा आणि वरून लसणाची फोडणी द्या. पालेभाजी आणि डाळ एकाच भांड्यात शिजते, म्हणजे गॅसही वाचतो, आणि पालेभाजी नको म्हणणारी पोरंही भातासोबत खातात.

सिंधी कढी : तीन-चार चमचे तेलात जिरं, मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता टाका. त्यात तेवढंच बेसन घालून मंद आचेवर खमंग भाजा. सगळी चव या भाजण्यात आहे, तेव्हा घाई नको. बेसन बदामी झालं की हळूहळू पाच-सहा वाट्या पाणी घालत ढवळा, गुठळी होऊ देऊ नका. हळद, तिखट, मीठ घालून उकळी आली की शेवगा, बटाटा, गवार टाका. भेंडी वेगळी परतून नंतर घाला. चिंचेचा कोळ मात्र अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं तर भाज्या लवकर शिजत नाहीत. ही कढी भातावरच खायची.

कोकी : ही जाड, खुसखुशीत पोळी. दोन वाट्या कणकेत तीन चमचे तेल चोळा. बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ घालून घट्ट मळा. जाड लाटून तव्यावर अर्धवट भाजा, मग पुन्हा गोळा करून लाटा आणि तेल सोडून मंद आचेवर भाजा. दोनदा भाजल्यानं ती खुसखुशीत होते. दह्यासोबत खा, नाहीतर शेतावर जाताना फडक्यात बांधून न्या.

सणही आपल्याशी जुळतात बरं का! श्रावणात त्यांची थदरी असते. थदरी म्हणजे थंड. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेल्या कोकी आणि गुळाच्या गोड पोळ्या खातात. आपल्या शिळासप्तमीसारखंच की नाही?

मैत्रिणींनो, ‘स्वयंपाकच तर येतो, दुसरं काय येतं?’ असं आपण सहज बोलून जातो. पण घर गमावलेल्या बायकांना याच स्वयंपाकानं कमाई दिली. तेव्हा पुढच्या मासिक बैठकीला एकीनं साई भाजी, दुसरीनं कोकी करून आणा. सामानाचा, गॅसचा आणि आपल्या मेहनतीचा खर्च वहीत मांडा. चव आणि हिशोब दोन्ही जमले, तर गटाच्या स्टॉलवर एक नवा पदार्थ ठेवता येईल. विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा नोंदणी मात्र विसरू नका.