आठ सेकंदांचा फौजफाटा

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, सगळ्या कारभारात सर्वांत सावकाश चालते ती बैलांना घेऊन येणारी पिकअप. नांदेड जिल्ह्याच्या हदगाव-हिमायतनगर भागात सुगी आटोपली की पट भरतात. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, त्यामुळे तिकडच्या जोड्याही येतात. या गाड्या बहुधा रात्रीच निघतात. ऊन नको आणि रस्त्यावर गर्दीही नको. काटा चाळिसाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि गतिरोधकावर गाडी अगदी थांबल्यासारखी न्यायची, असा शिरस्ता. ‘‘बैल उभ्यानं येतोय. एक ब्रेक कचकन लागला की खांदा गेला बघा,’’ एक ड्रायव्हर मला सांगत होता. आठ-दहा सेकंदांच्या धावेसाठी आलेली ही जोडी रात्रभर गोगलगायीच्या चालीनं येते.

गाडीत खाली वाळूचा थर, त्यावर कडब्याचा चुरा. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना गोणपाट बांधलेलं, म्हणजे वळणावर अंग घासत नाही. उतरवण्याची तऱ्हा बघण्यासारखी. उतरणीची फळी कुणी बाळगत नाही. ड्रायव्हर गाडी मागं घेत घेत शेताच्या बांधाला अशी लावतो की गाडीचा तळ आणि बांधाचा माथा एका पातळीत येतात. बैल उडी न मारता नुसता चालत बाहेर येतो. ज्याला हे एका फटक्यात जमतं त्याला पुढच्या पटालाही बोलावणं असतं.

छकडी, म्हणजे बैलांना जुंपायची शर्यतीची हलकी गाडी, वेगळ्या गाडीतून येते, छोट्या हत्तीत उलटी घालून. तिला वजन असं नाहीच. दोन माणसं सहज उचलतात. तिच्यासोबत एक पेटी असते. तीत जादा शिवळा, जुपण्या, खिळी, वंगणाचा डबा, पान्हे, तारेचं भेंडोळं. जू मात्र पेटीत जात नाही, ते मालकाजवळ. प्रत्येक जोडीच्या मानेला बसलेलं जू वेगळं. उसनं जू घालून पट मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. घरचं पाणी ड्रममध्ये भरून आणतात, कारण परगावचं पाणी बैलानं तोंडी लावलं नाही तर दुपारपर्यंत तो मलूल होतो.

आपल्याकडचे देवणी आणि लालकंधारी, म्हणजे लातूरच्या देवणीचे आणि नांदेडच्या कंधारचे बैल, मुळात ओढकामाचे. पटाला खिलारची जात जास्त दिसते. गाडीतळावर मात्र लालकंधारीची जोडी आली की म्हातारी माणसं उठून तिच्याभोवती जमतात. तिची वेळ किती लागते, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

खरी मेहनत मात्र बैल गावात यायच्या आधीच झालेली असते. काळ्या रानात धावपट्टी करणं सोपं नाही. रान भेगाळलेलं, त्यात तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटं. एक धसकट राहिलं आणि खुरात घुसलं की जोडी वर्षभरासाठी बाद. म्हणून आधी बाया-माणसं रांगेनं चालत धसकटं आणि दगड वेचतात. मग ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर, मग फळी, मग टँकरनं पाणी. इथं घाई चालत नाही. पाणी कमी पडलं तर धुरळ्यात पुढचं दिसत नाही आणि जास्त झालं तर चिखल चाकाच्या धावेला थापून बसतो. पेरणीसारखाच इथंही वापसा यावा लागतो, तेव्हाच रोलर फिरवायचा. तो आला की नाही, हे टँकरवाला पायानं माती दाबून सांगतो आणि गाव त्याचं ऐकतं.

जगातल्या सर्वांत वेगवान मोटारीची गोष्ट वाचताना मला हेच रान आठवलं. 15 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतल्या नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीननं ‘थ्रस्ट एसएससी’ ताशी 1,228 किलोमीटर वेगानं पळवली. जमिनीवरचा तो विक्रम आजही कायम आहे. ही मोटार आणि तिचा सरंजाम इंग्लंडहून न्यायला अँटोनोव्हचं अजस्र मालवाहू विमान लागलं होतं. नियम असा की एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी धरायची. म्हणजे मोटार थंड करून, तपासून, इंधन भरून, तोंड फिरवून देणाऱ्यांचीही घड्याळाशी शर्यत. पुढे ‘ब्लडहाउंड’ मोटारीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हॅकस्कीन पॅनवर तिथल्या 300 हून अधिक माणसांनी 16 हजार टनांहून अधिक दगड हातानं वेचले. 2019 मध्ये ती मोटार त्या पट्टीवर ताशी 1,010 किलोमीटरपर्यंत गेली. जेट इंजिन असलं तरी दगड वाकूनच उचलावे लागतात.

पटाचं घड्याळही आता हौशी राहिलेलं नाही. सुरुवातीला आणि शेवटाला खांब, त्यांवर सेन्सर, तारा मंचाजवळच्या यंत्रापर्यंत. सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. वीज गेली तर जनरेटर आणि जनरेटर बंद पडला तर भांडण.

कायद्यानंही या सरंजामात भर घातली. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं या शर्यतींना मुभा देणारा राज्याचा दुरुस्ती कायदा मान्य केला. परवानगीसोबत पशुवैद्यकाची तपासणी आली, चाबूक आणि विजेचा धक्का गेला. गाडीतळाच्या तोंडाशी तपासणीचं टेबल असतं. त्याच्याबद्दल कुरकुर करणारे भेटतात, पण मला ते टेबल हवंसं वाटतं. जोडीवर जीव असलेला मालक तिथं रांगेत मुकाट उभा राहतो.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती शेवटच्या रेघेपुढची जागा. वेळ रेघेवर संपते, बैल तिथं थांबत नाहीत. तिथं चार-सहा तरणी पोरं कासरा झेलायला उभी असतात आणि त्यांच्यामागं, नको तिथं, प्रेक्षक. थ्रस्टला थांबायला पॅराशूट होतं आणि पुढं मैलोगणती मोकळं वाळवंट. इथं एका पटावर रेघेपासून काही पावलांवर रसवंतीची गाडी लावलेली मी पाहिली. छकडीवरच्या धुरकऱ्यानं कासरा ओढून जोडी वाकडी काढली म्हणून निभावलं.

आयोजकांना एवढंच सांगणं आहे: बक्षिसातली एक मोटारसायकल कमी करा, पण त्या पैशात पुढचं आणखी एक शेत भाड्यानं घ्या, तिथलीही धसकटं काढा आणि दोन्ही बाजूंनी बल्ल्या ठोका.