तारखेलाही गाव असतं

लिनक्स असलेल्या संगणकावर एक प्रयोग करून बघता येतो. 'कॅल' नावाच्या जुन्या आज्ञेला फेब्रुवारी १६३० चं पान दाखवायला सांगा. १९ तारीख शुक्रवारच्या रकान्यात दिसेल. मग त्याच संगणकावर पायथॉन उघडा आणि १९ फेब्रुवारी १६३० ला कोणता वार होता ते विचारा. उत्तर येईल १, म्हणजे मंगळवार, कारण पायथॉन सोमवारला शून्य धरतो. (जावास्क्रिप्टला विचारलंत तर २ येईल. तिथे शून्य म्हणजे रविवार.) एकच यंत्र, एकच तारीख, वार मात्र दोन. आणि गंमत नव्हे, दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या नियमाने बिनचूक आहेत.

ही तारीख मुद्दामच निवडली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारीला साजरी करतं. जन्माची जुनी नोंद मात्र इंग्रजी तारखेत नाही. जेधे शकावलीत ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या तिथीवरून इंग्रजी तारीख काढली ती त्या काळी इंग्लंडमध्ये चालणाऱ्या ज्युलियन कॅलेंडरनुसार. पोप ग्रेगरी तेरावे यांचं सुधारलेलं कॅलेंडर १५८२ मध्ये आलं, पण ते इंग्रजांनी स्वीकारलं थेट १७५२ मध्ये. 'कॅल' ही आज्ञा इंग्रजांची रीत पाळते. तिच्याकडे सप्टेंबर १७५२ चं पान मागितलं तर २ तारखेनंतर एकदम १४ येते. पायथॉन मात्र ग्रेगरियन नियम मागे इसवी सन १ पर्यंत तसाच ताणत नेतो. म्हणून त्याचा मंगळवार.

आता त्याच शुक्रवारी कागदावर तारीख घालणाऱ्या तीन माणसांची कल्पना करा. पोर्तुगालने ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, त्यामुळे गोव्यातला पोर्तुगीज कारकून लिहिणार १ मार्च १६३०. सुरतेच्या वखारीतला इंग्रज लिहिणार १९ फेब्रुवारी, आणि सालही १६२९ घालणार, कारण तेव्हा इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. पुण्याकडचा लेखक लिहिणार फाल्गुन वद्य तृतीया. दिवस एकच, नोंदी तीन. डेटाबेसच्या रकान्यात यातली कुठली घालायची? एखाद्या संग्रहालयासाठी किंवा दप्तरखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही, तर कागदपत्रं दहा दिवसांनी किंवा चक्क एका वर्षाने मागेपुढे होतात, आणि पुढे कुणाला पत्ताही लागत नाही.

प्रोग्रॅमिंग शिकवताना तारीख हा विषय बहुधा अर्ध्या तासात उरकतात. वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे, त्यात काय मोठंसं, असा समज असतो. माझं म्हणणं असं की तारीख हा आकडा नसून ते एक विधान असतं. कुणीतरी, कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी नियमाने केलेलं. गाव आणि नियम गाळून नुसता आकडा साठवला की पुढच्या सगळ्या चुका तिथून जन्माला येतात.

या विषयातली एक मांडणी मात्र खरोखर सुंदर आहे. युनिक्स घडवणाऱ्यांनी वेळेसाठी एकच मोजणी ठरवली: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जगाची सामायिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. ना महिना, ना वार, ना देश. जगात कुठेही, या क्षणी, तो आकडा तोच. त्या आरंभक्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणूनच एखाद्या संकेतस्थळावर 'शेवटचा व्यवहार: १ जानेवारी १९७०, ५:३०' असं दिसलं तर समजावं की तिथे तारीखच नव्हती आणि रिकाम्या जागी शून्य पडलं आहे. लंडनच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, बारा नव्हे. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने वर्षभर एक तास पुढची वेळ ठेवली होती.

या मोजणीतही कुसळं आहेत. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून आजवर २७ वेळा एक जादा सेकंद घालावा लागला. १ जुलै २०१२ च्या पहाटे आपल्याकडे ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आलं, तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातली एक चूक उघडी पडली. रेडिट हे संकेतस्थळ बंद पडलं आणि क्वांटास विमान कंपनीच्या प्रवाशांचं चेक-इन अडकलं. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे.

सेकंदांचा आकडा माणसाच्या वेळेत बदलायचा म्हटलं की मात्र गाव लागतं. फोनच्या सेटिंगमध्ये वेळेपुढे 'कोलकाता' का दिसतं, मुंबई का नाही, हा प्रश्न अनेकांना पडलेला असतो. त्याचं उत्तर एका साध्या मजकुराच्या फायलींच्या संग्रहात आहे. अमेरिकेतले आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला आणि पॉल एगर्ट यांनी पुढे सांभाळला. जवळपास प्रत्येक फोन, सर्व्हर आणि विमानतळाचा फलक आज त्यावर चालतो. त्याचा नियम असा: १९७० नंतर ज्या प्रदेशातली घड्याळं सारखी चालली, त्याला एकच नोंद, आणि नाव तिथल्या मोठ्या शहराचं. भारताला कलकत्त्याचं मिळालं आणि शहराचं नाव बदलल्यावर नोंद कोलकाता झाली. पुढे दुसरं शहर मोठं झालं म्हणून नाव बदलायचं नाही, हाही नियमच.

यात मुंबईची एक मोठी गोष्ट गळून पडते. १९०६ च्या १ जानेवारीला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. सूर्य न बदलता घड्याळ पुढे ढकललं, म्हणून गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. परक्या सरकारने लादलेली वेळ म्हणून सुशिक्षित मंडळीही विरोधात गेली. 'बॉम्बे टाइम' शहरात १९५० च्या दशकापर्यंत टिकून होता. म्हणजे १९३८ साली गिरगावात जन्मलेल्या मुलाची वेळ घरच्या वहीत 'सकाळी ६:१०' अशी असेल, तर ती प्रमाणवेळेने ६:४९ असू शकते. साधारण दोन तासांनी लग्न बदलतं हे धरलं, तर पत्रिका मांडणाऱ्याला ३९ मिनिटांचा फरक थोडा नाही. त्यात दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सगळ्या भारताची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. युद्धकाळातल्या जन्मवेळेतून तास वजा करायचा, हे जुन्या ज्योतिषांना तोंडपाठ असे. संगणकाला हा युद्धकाळाचा तास माहीत आहे, कोलकात्याच्या नोंदीत तो आहे. मुंबईची ३९ मिनिटं मात्र त्याला माहीत नाहीत, कारण १९७० च्या आधी संपलेल्या वेगळेपणाला वेगळी नोंद मिळत नाही.

ज्योतिषाचा विषय इथे ओढूनताणून आणलेला नाही. जुन्या काळातली घड्याळं कुठे, केव्हा बदलली याच्या नोंदी सर्वांत चिकाटीने जमवल्या त्या ज्योतिषांसाठी कोश करणाऱ्यांनी. ओल्सन यांच्या संग्रहाने असा एक कोश आधाराला घेतला होता. २०११ मध्ये त्या कोशाचे हक्क असलेल्या ॲस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. जगभरच्या संगणकांची वेळ ज्यावर अवलंबून, तो संग्रह काही दिवस उपलब्धच नव्हता. मग इंटरनेटच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो आपल्या छत्राखाली घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला.

रोजच्या कामातला सर्वांत छळणारा बग आपल्या याच साडेपाच तासांतून येतो. फॉर्ममध्ये जन्मतारीख भरली १५ ऑगस्ट. प्रोग्रॅमरने ती नुसती तारीख म्हणून न ठेवता क्षण म्हणून ठेवली, म्हणजे १५ ऑगस्ट, मध्यरात्रीचे बारा, भारतीय वेळ. सर्व्हर यूटीसीत चालतो, त्याने लिहिलं १४ ऑगस्ट, १८:३०. पुढे कुणीतरी अहवाल काढताना वेळेचा भाग कापून टाकला. छापून आलं १४ ऑगस्ट. ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्या सगळ्यांचा वाढदिवस असा एक दिवस अलीकडे सरकू शकतो. लंडनमध्ये हिवाळ्यात बसून चाचणी करणाऱ्याला हा बग दिसतच नाही. जन्मतारखेला वेळ नसते आणि टाइमझोनही नसतो. न्यू जर्सीत राहायला गेलेल्या पुणेकराचा वाढदिवस १५ ऑगस्टलाच असतो, तिथल्या १५ ऑगस्टला. जन्मतारीख क्षणाच्या, म्हणजे टाइमस्टॅम्पच्या, रकान्यात घालणं ही चूकच, त्यात मतभेदाला जागा नाही.

याच्या उलट बाजूची चूक अनुभवी लोकही करतात, कारण 'सगळं यूटीसीत साठवा' हा सल्ला त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेला असतो. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तो सल्ला उत्तम आहे: पैसे जमा झाले, दार उघडलं, संदेश पोचला. पुढे घडायच्या गोष्टींसाठी तो धोक्याचा आहे. हिंजवडीतल्या कुणालाही विचारा. न्यूयॉर्कच्या क्लायंटचा सकाळी नऊचा कॉल हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पुढे गेली की साडेसहाला येतो. लंडनची घड्याळं मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी हलतात, तेव्हा मधल्या दोन-तीन आठवड्यांत पुणे, न्यूयॉर्क आणि लंडन या तिघांच्या कॅलेंडरचा मेळ बसत नाही. इथे साठवायचं ते 'न्यूयॉर्क, सकाळी ९' असंच. यूटीसीतला आकडा आयत्या वेळी काढावा.

आयत्या वेळीच का? कारण घड्याळाचे नियम सरकारं बदलतात, आणि कधीकधी फार घाईने. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या पंतप्रधानांनी घड्याळं पुढे करायचा दिवस रमजान संपेपर्यंत लांबवला, तोही ठरलेल्या रविवारच्या जेमतेम तीन दिवस आधी. मॅरोनाइट चर्चने नकार दिला आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. टाइमझोनच्या संग्रहाची नवी आवृत्ती निघाली, आणि सरकारने निर्णय फिरवल्यावर आठवड्याच्या आत तो बदल काढून टाकणारी दुसरी. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळला. गुरुवार २९ नंतर थेट शनिवार ३१, कारण देशाला तारीखरेषेच्या दुसऱ्या बाजूला जायचं होतं. 'दर दिवशी' असा हिशेब करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्या आठवड्यात तिथे कसोटी होती.

तिथीचं गणित याहून नाजूक. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, आणि सूर्योदय जागेवर अवलंबून. एखादी तिथी दोन सूर्योदयांना लागते, एखादी एकालाही नाही. त्यामुळे पुण्याच्या पंचांगातल्या तारखा जशाच्या तशा उचलून कॅलिफोर्नियातल्या मंडळाच्या ॲपमध्ये घातल्या, तर काही सण एका दिवसाने चुकणारच. तिथीने वाढदिवस सांगणाऱ्या ॲपने वापरणाऱ्याचं गाव विचारलं नाही, तर त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि आता जे समोर उभं आहे त्याबद्दल. युनिक्सचा सेकंदांचा आकडा अनेक जुन्या यंत्रांत ३२ बिटांच्या जागेत बसवला आहे. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतो. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आपल्या वेळेने, ती जागा भरेल. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि यूटीसीने तारीख १३ डिसेंबर १९०१ दाखवेल. नवे संगणक आणि फोन ६४ बिटांवर गेले आहेत, त्यांना भीती नाही. पण डेटाबेसमधले जुने रकाने, फायलींचे जुने साचे आणि भिंतीत किंवा कारखान्यात बसवलेले कंट्रोलर एकदा लावले की वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. २०३८ उजाडायची वाटही बघावी लागणार नाही: २०१९ मध्ये वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्यांचे शेवटचे हप्ते आधीच त्या रेषेपलीकडे आहेत. चाचणीच्या यंत्रावर तारीख २० जानेवारी २०३८ करून, एक हप्ता आणि एक व्याजाचा हिशेब चालवून बघणं हे एका दुपारचं काम आहे, आणि ते आज करता येतं.