आकाशातील संवाद आणि शब्दांची संदिग्धता

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या संवादात चेहरा व हातवारे यांचा आधार नसतो. बिनतारी यंत्रावरून ऐकू येणारे मोजके शब्द हीच त्यांची सामग्री. त्यामुळे एका शब्दाचे दोन अर्थ होणे येथे प्राणघातक ठरू शकते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन अॅम कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने दाट धुक्यात धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ जण मृत्यू पावले. नियंत्रकाने केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. मात्र त्या सूचनेत 'टेक-ऑफ' हा शब्द आला होता. सहवैमानिकाने सूचना परत उच्चारली आणि शेवटी 'वुई आर नाऊ अॅट टेक-ऑफ' असे सांगितले. तेव्हा विमान धावू लागले होते. विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला आणि तो 'ओके' म्हणाला. थांबण्याची त्याची पुढील सूचना पॅन अॅमच्या वैमानिकांनी त्याच क्षणी बोलणे सुरू केल्यामुळे कर्कश आवाजात बुडाली. डच भाषेत चालू क्रिया दाखविताना क्रियापदाच्या मूळ रूपाआधी अव्यय योजतात. हीच घडण सहवैमानिकाच्या इंग्रजीत उतरली असावी, असे काही भाषाभ्यासकांचे मत आहे.

शब्द ओळखीचा असला तरी अर्थ तोच असेल असे नाही. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे तडजोडीचा लेख. मराठीत 'राजीनामा' म्हणजे पदत्याग. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ कोसळले व ७३ जण दगावले. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली होती, इंधन संपत असल्याचेही सांगितले होते. परंतु 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द उच्चारला नव्हता. नियंत्रकांना संकटाची तीव्रता कळली नाही.

तेनेरीफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द त्या परवानगीपुरता राखून ठेवण्यात आला. इतरत्र 'डिपार्चर' म्हणावे असे ठरले. सूचना परत उच्चारणे आणि नियंत्रकाने ती पडताळणे यांवर भर देण्यात आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषिक निकषांत सहा श्रेणी असून किमान चौथी आवश्यक आहे. त्यांत उच्चार, रचना, शब्दसंग्रह आणि ओघ यांच्याबरोबर आकलन व परस्परसंवादही तपासले जातात.

भाषाशिक्षकांनी याची दखल घेणे अगत्याचे आहे. आपल्या परीक्षा बहुधा शुद्धलेखन व व्याकरण तपासतात. ऐकलेली सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगणे, शंका आल्यास न संकोचता विचारणे, या कौशल्यांना गुण क्वचितच मिळतात. 'समजले का?' या प्रश्नाला वर्गातून येणारा 'हो' हा तेनेरीफच्या 'ओके'इतकाच अपुरा असतो.